सगळ्यांचा श्वास वीस

(कर्जतमधलं एक लहान रुग्णालय. पुरुषांचा वॉर्ड. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचा दीड.)

जागृती: हा टॉवेल इथे कुणी टांगला?

गोदा: मी. वाळत घातलाय.

जागृती: ऑक्सिजनच्या बाटलीवर? बाहेर दोरी आहे ना, मावशी.

गोदा: बाहेरच्या दोरीवरनं काल एक गेला. ह्यो इथंच बरा. डोळ्यासमोर.

जागृती: काढा तो. इथे काही टांगायचं नसतं.

गोदा: ओला हाय अजून. तू तुजा कागद भर ना, सिस्टर. कागद भरायला तुला कुटं टॉवेल आडवा येतोय.

जागृती: काय म्हणालात?

गोदा: काय नाय.

जागृती: नाही, बोला ना. सकाळपासून बघतेय. मी खाटेजवळ आले की तुमची नजर माझ्या हातावर. पेन उचललं की मान लांब. मी काय चोरून नेतेय का तुमच्या नवऱ्याचं?

गोदा: आमच्या माणसाचा कागद हाय. बघू नये?

जागृती: वाचता येतं तुम्हाला?

गोदा: अक्षरं नाय येत. आकडे वळखते. करोनात आमच्या आशाताईनं, रूपालीनं, ते बोटाला लावायचं मशीन माज्याकडं दिलं व्हतं. सगळ्या वाडीच्या बोटांना मी लावलंय. चौऱ्यान्नवच्या खाली गेला का कशेळ्याला जीपवाल्याला फोन. आकडे मला नको शिकवू.

जागृती: मग बघा की. जैतूभाऊंच्या बोटावर आत्ता अठ्ठ्याण्णव आहे. बारा वाजतासुद्धा अठ्ठ्याण्णव. परवा आणलंत तेव्हा धापा टाकत होते, आता शांत झोपलेत. तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे.

गोदा: झालाय की. तीन दिस डोळ्याला डोळा लागला नव्हता त्याच्या. हात कसं ऊन लागतात बघ. तोंडावर रंग आला.

जागृती: मग भांडता कशाला?

गोदा: भांडते कुटं, इचारतेय. ह्यो रकाना कशाचा?

जागृती: श्वासाचा. मिनिटाला किती घेतले.

गोदा: काय लिवलंस?

जागृती: वीस.

गोदा: ह्याच्या खाली?

जागृती: वीस.

गोदा: त्याच्या खाली?

जागृती: वीसच आहे, मावशी. वीस म्हणजे चांगलं.

गोदा: आन् ह्या शेवटल्या घरात?

जागृती: ते दोन वाजताचं आहे.

गोदा: आता वाजले किती? घड्याळ तुज्या डोक्यावरच हाय. दीड झालाय. दोन वाजता आमचा माणूस किती दम घेनार हाय ते तुला दीडलाच कळलं? आमच्या वाडीच्या भगताला पन येवढं पुढचं दिसत नाय गं.

येसाजी: एकदम सही बोललात, वहिनी.

जागृती: येसाजीकाका, तुम्ही मध्ये पडू नका. झोपा.

येसाजी: आडवं झालं की दम लागतो... म्हणून बसलोय. तुमचं चालू द्या.

गोदा: त्याचा कागद पन बघितलाय मी. त्याचंबी वीस. त्या पलीकडच्या कॉलेजच्या पोराचं वीस. कोपऱ्यातला म्हातारा बैलावानी धापतोय, त्याचं वीस. सगळा वॉर्ड एका तालावर दम घेतोय का काय? लेझीम हाय का?

जागृती: मावशी, चौदा खाटा आहेत. दुसरी सिस्टर रजेवर. सकाळपासून मी एकटी. सलाइन मी लावायचं, इंजेक्शन मी द्यायचं, फॉर्म मी भरायचे, जेवण आलं का ते मी बघायचं. प्रत्येकाजवळ मिनिटभर उभं राहून छाती मोजत बसले तर—

गोदा: तर चौदा मिन्टं.

जागृती: काय?

गोदा: चौदा खाटा, चौदा मिन्टं. मगाशी जिन्यात फोनवर तू त्याच्याहून जास्त व्हतीस.

जागृती: माझ्या मुलीच्या शाळेतून फोन होता! ताप आलाय तिला. खोपोलीहून कोण आणणार तिला, मी इथे असताना?

गोदा: असंल. मी कुटं नाय म्हनते. पन मंग लिव ना, मोजलं नाय म्हनून. रकाना मोकळा ठेव. वीस कशाला लिवतेस?

जागृती: मोकळा ठेवला की वरून बोलणी बसतात.

गोदा: आन् वीस लिवलं का?

जागृती: वीस लिहिलं की कुणी विचारत नाही.

गोदा: मी इचारलं.

जागृती: हो. तुम्ही विचारलंत.

गोदा: काल ती दुसरी व्हती, बारक्या चनीची. सुप्रिया. ती आली, त्याचा हात धरला नाडी बघितल्यागत, आन् डोळं सगळे त्याच्या छातीवर. मला संशेव आला. म्हनलं नाडी मनगटात असते, ही बघते कुटं?

जागृती: ती श्वास मोजत होती. पेशंटला कळू द्यायचं नसतं. कळलं की माणूस मुद्दाम श्वास घेतो, मग खरा आकडा येत नाही. म्हणून नाडीचा बहाणा.

गोदा: मंजी ती मोजते.

जागृती: ती मोजते.

गोदा: मीबी मोजलाय.

जागृती: तुम्ही?

गोदा: सकाळपास्नं तीनदा. ह्या बघ पदराला गाठी.

जागृती: हे काय बांधलंय?

गोदा: चिंचोके. चिंचा फोडायच्या कामावरनं तशीच आले व्हते याला घेऊन, वटीत राहिले. वाडीत बारकं पोर जन्मलं का रूपाली त्याचा दम मोजायची आन् तिचं घड्याळ मी धरायचे. बारीक काट्याचा एक पुरा फेरा. छाती वर आली का एक. मला वीसच्या म्होरं मोजता येत नाय, म्हनून एका दमाला एक चिंचोका टाकायचा. तुला शंभरापोतर येतंय. तरी तू वीसलाच थांबलीस.

जागृती: ...सोडा गाठ.

गोदा: ही सकाळची. चहाच्या टायमाची.

जागृती: पाच, दहा, पंधरा... तीस... चौतीस. चौतीस?

गोदा: एक वीस आन् वर चौदा. तवा तुज्या कागदावर वीस व्हतं. ही दुसरी, दहाची.

जागृती: चोवीस.

गोदा: ही जेवनाचा डबा आला तवाची.

जागृती: सोळा.

गोदा: बघ. उतरत चाललाय का नाय? सकाळी पोट आत ओढून दम घेत व्हता. आता बघ कसा निवांत. म्हनून तर मी गप हाय, नायतर सकाळीच बोंब मारली असती.

जागृती: चौतीस, चोवीस, सोळा... सरका, मावशी.

गोदा: काय झालं?

जागृती: सरका जरा! जैतूभाऊ! ओ जैतूभाऊ! डोळे उघडा!

गोदा: नको उठवू गं! आत्ता कुटं लागलाय डोळा!

जागृती: जैतूभाऊ, माझ्याकडे बघा. कुठे आहात तुम्ही?

जैतू: ...कोंबड्या... कोंडल्यास का, गोदे...

जागृती: कुठे आहात?

जैतू: भट्टीवं... धूर लई झालाय... झोपू दे...

गोदा: झोपंत बरळतोय.

जागृती: ही झोप नाही. सकाळपासून काही म्हणाले का? डोकं दुखतंय वगैरे?

गोदा: ठनकतंय म्हनला, दहाच्या टायमाला. तुला सांगितलं मी. तू म्हनलीस गोळी देते. नाय दिलीस.

जागृती: टॉवेल काढा.

गोदा: ओला हाय, म्हनलं ना—

जागृती: टॉवेल काढा तो!... सहा. सहावर आहे. मी एकवर लावला होता ऑक्सिजन. डॉक्टरांनी एक लिहिलंय. ही चावी कुणी फिरवली?

गोदा: मला काय ठावं.

जागृती: टॉवेल तुमचा आहे, मावशी.

गोदा: टॉवेल माजा. चावी तुमची. तूच फिरवली असशील, सतरा कामांच्या धांदलीत. दोनचा दम दीडला लिवनारी बाई तू. तुला ध्यानात तरी हाय का तू कशाला हात लावलास?

जागृती: मी एकवर लावला होता. शपथ.

गोदा: मंग झाडूवाला आला व्हता, त्यानं.

जागृती: झाडूवाल्याला काय पडलंय? येसाजीकाका, तुमची खाट समोर आहे. तुम्ही काय बघितलंत?

येसाजी: मी? काय नाय. माझा चष्मा... पिशवीत हाय.

जागृती: सकाळी पेपर वाचत होतात.

येसाजी: पेपर जवळ असतो ना... सिस्टर. खाट लांब हाय.

गोदा: बोल की, काका. सकाळी तर लई तोंड चालत व्हतं.

येसाजी: हे बघा वहिनी, मला यात... घेऊ नका.

गोदा: घेते. सिस्टर, इचार त्याला सकाळी मला काय म्हनला. "वहिनी, माझी बाटली बघा कशी बुडबुडतेय. मला पाच, तुमाला एक. माझ्या भाच्यानं वरती फोन फिरवला. हितं वळख लागते." म्हनलास का नाय?

येसाजी: गमतीत... म्हटलं.

जागृती: काका, तुमच्या भाच्याने फोन केला होता तो घरचा डबा चालेल का विचारायला! तुम्हाला न्यूमोनिया आहे, म्हणून पाच लिटर. कंपनीतून रिटायर झालात तरी साहेबी जात नाही तुमची!

येसाजी: बरं... बरं. चुकलं.

गोदा: त्याचं चुकलं. आन् तुजं? काल मी तुला इचारलं का नाय, का आमाला एकच का म्हनून? तू काय म्हनलीस?

जागृती: म्हणाले, त्यांना एवढंच पुरे.

गोदा: आमाला नेमी येवढंच पुरतं. रेशनला येवढंच, भट्टीवर येवढंच. मला वाटलं वाऱ्याचं तरी तसं नसंल. त्याची बाटली रातभर खळाखळा, आमची मधीच एक बुडबुडा सोडते. आन् बोटावर एकोणनव्वद. एकोणनव्वद ठावं हाय का तुला काय असतं? माजा भाऊ नवनाथ. करोनात त्याच्या बोटाला मीच मशीन लावलं. एकोणनव्वद. कशेळ्याच्या नाक्यावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, जीप येते, जीप येते. जीप आली तवा मशीनवर आकडाच उमटंना. आन् तू म्हनतेस पुरे.

जागृती: मावशी. कधी फिरवली चावी?

गोदा: मी फिरवली असं कवा म्हनले मी?

जागृती: मला फक्त वेळ सांगा.

गोदा: सांगितली का तू लिवनार. बायकोनं मारला. मंग पोलीस. तुमी सगळ्या एका माळंच्या.

जागृती: आणि मी आकडे बसल्या जागी लिहिले ते तुम्ही बाहेर सांगणार.

गोदा: सांगनारच. अख्ख्या कर्जतला सांगनार.

जागृती: मग बसू या दोघी एकमेकींची चोरी धरून. ते तिकडे चाललेत.

गोदा: चाललेत मंजी?

जागृती: किती वर्षं होते भट्टीवर?

गोदा: जलम गेला. खालापूरच्या बाजूला, विटांच्या. आन् बिडी येगळी. चाललेत मंजी काय, बोल!

जागृती: नीट ऐका. अशा धुराने खाल्लेल्या छातीला कमी ऑक्सिजनची सवय पडलेली असते. तिला भसाभस दिला की बिघडतं. आत गेलेली हवा वापरून झाली की ती बाहेर टाकावी लागते ना? ती टाकणं कमी पडतं. ती आत साचते, रक्तात चढते. मग डोकं ठणकतं, हात गरम होतात, तोंड लाल होतं, गुंगी येते. गुंगी आली की श्वास आणखी कमी. आणि मग थांबतो.

गोदा: पन मशीनवर अठ्ठ्यान्नव हाय!

जागृती: मशीन आत किती गेलं ते सांगतं. साचलेलं त्याला दिसत नाही. ते श्वास मोजल्यावर कळतं, माणसाला हाक मारल्यावर कळतं. अठ्ठ्याण्णव मीपण बघितलं आणि खूश होऊन पुढे गेले. नवनाथचं एकोणनव्वद वेगळं होतं, मावशी. ह्यांचं एकोणनव्वद जिथे पाहिजे तिथेच होतं.

गोदा: मंग हे काल का नाय सांगितलंस? येवढंच पुरे, म्हनलीस. का पुरे ते का नाय सांगितलंस?

जागृती: वाटलं, तुम्हाला कळणार नाही.

गोदा: आत्ता कळलं का नाय?

जागृती: कळलं.

गोदा: चावी चहा झाल्यावर फिरवली. या काकाचा भाचा डबा घेऊन आला तवा.

जागृती: म्हणजे साडेआठ. एकदम सहा?

गोदा: नाय. आदी तीन. मशीनवर त्र्यान्नव आला. चौऱ्यान्नव पायजे म्हनून आनखी थोडी. मंग थोडी आनखी. मंग टॉवेल टाकला, तुला दिसू नये म्हनून. झाडूवाल्याची काय चूक नाय. माज्या हातानं केलं.

जागृती: बरं. मी खाली आणतेय, बघा. बंद नाही करत, एकदम बंद केला तरी घात होईल. हळूहळू. मशीनवर नव्वदच्या आसपास थांबायचं. तुम्ही मोजायला बसा. पुरा फेरा. मी डॉक्टरांना लावते.

गोदा: मी मोजू?

जागृती: तुमच्याइतकं आज इथे कुणी मोजलेलं नाही. बसा.

गोदा: ए काका, तू जरा गप बस. तुज्या धापंनं माजा आकडा चुकंल.

जागृती: हॅलो, सर, जागृती. वॉर्डातून... सर, खाट चार, जैतू. गुंगीत आहेत. हाक मारली की डोळे उघडतात, पण बरळतात... ऑक्सिजन सहावर मिळाला, सर. साडेआठपासून... हो. पाच तास... हो सर, मी बघायला हवं होतं... खाली आणतेय, आत्ता त्र्याण्णव दाखवतंय... श्वास? चार्टवर वीस आहे, सर...

गोदा: दहा.

जागृती: एक मिनिट, सर. किती?

गोदा: दहा चिंचोके. फेरा पुरा झाला. दहाच.

जागृती: दहा आहे, सर. आत्ताचा... नाही. चार्टवरचे वीस मोजलेले नाहीत... एकही नाही... हो. मीच लिहिलेत. दोनचा पण... आहेत सर, खरे आकडे आहेत. सकाळी चौतीस, दहाला चोवीस, बाराला सोळा, आत्ता दहा... त्यांच्या बायकोने... चिंचोक्यांनी, सर... हो, चिंचेच्या... बरं, विचारते. मावशी, छाती खोल हलत होती की उथळ?

गोदा: सकाळी खोल. बरगड्या मोजून घ्याव्या अशी. आता नुस्ती गळ्याशी हालते, तळ्यातल्या बेडकागत.

जागृती: उथळ, सर... बरं... बरं, सर. ठेवते.

गोदा: काय म्हनला?

जागृती: मला जे म्हणायचं ते म्हणाले. मग म्हणाले, ते चार आकडे कागदावर चढव आणि गाडी बोलव. ते पाच मिनिटांत येतायत. नाकातोंडावर घट्ट बसतो असा मास्क असतो, त्याचं मशीन श्वास घ्यायला आणि साचलेलं बाहेर टाकायला मदत करतं. ते आपल्याकडे नाही. पनवेलला न्यायचं.

गोदा: जगंल?

जागृती: मला माहीत नाही.

गोदा: पयल्यांदा खरं बोललीस.

जागृती: हाक मारत राहा त्यांना. झोपू देऊ नका.

गोदा: ए! उठ रं! तिकडं कोंबड्या मोकळ्या सुटल्यात आन् तू झोपतोस? उठ! माज्या डोळ्यात बघ! ...सिस्टर, आकडा एक्क्यान्नव झाला. एक्क्यान्नव बघून माजा हात परत चावीकडं जातोय गं.

जागृती: हात मांडीखाली दाबून बसा.

गोदा: तू काय लिवतेस?

जागृती: पनवेलच्या डॉक्टरांसाठी कागद.

गोदा: वाच. मोठ्यानं.

जागृती: "रुग्ण जैतू, वय अठ्ठावन्न. श्वासाचा जुना आजार. चार्टवरचे श्वासाचे सर्व आकडे चुकीचे आहेत, धरू नयेत. खरे आकडे, पत्नीने पूर्ण मिनिट मोजलेले: आठला चौतीस, दहाला चोवीस, बाराला सोळा, पावणेदोनला दहा." पुढे आहे, "ऑक्सिजन साडेआठपासून सहा लिटर. नातेवाइकाने वाढवला. कर्मचाऱ्याच्या लक्षात आला नाही."

गोदा: नातेवाईक मंजी मी.

जागृती: हो.

गोदा: आन् कर्मचारी?

जागृती: मी. खाली सही आहे माझी.

गोदा: एकाच वळीत दोघी.

जागृती: एकाच ओळीत.

गोदा: तुजी नोकरी जाईल का?

जागृती: बघू. आता मोजा परत, गाडी यायच्या आत.

गोदा: गाडीत चावी कोन बघंल?

जागृती: गाडीत माणूस असतो. त्याला मी सांगते, कागदावर पण लिहिलंय. तुम्ही त्याच्या हाताकडे बघत राहा. माझ्याकडे बघत होतात ना सकाळपासून, तसंच.

गोदा: त्यासाठी तुज्या सांगन्याची वाट नव्हते बघत.

जैतू: ...गोदे.

गोदा: काय रं?

जैतू: ...ह्ये कोन... वरडतंय?

गोदा: मीच वरडतेय, दुसरं कोन वरडनार! कुटं हायस तू?

जैतू: ...दवाखान्यात... पानी दे.

जागृती: पाणी आत्ता नको, ठसका लागेल. ओठ ओले करा फक्त. किती झाले?

गोदा: थांब. काटा वर जाऊ दे... चौदा.

जागृती: आणि मशीनवर नव्वद. हे नव्वद चांगलं आहे.

गोदा: तू म्हनतेस तर असंल. पन पनवेलात पयला इचारीन, का चांगलं ते.

जागृती: विचारा. ती आली बघा गाडी, मागे डॉक्टर पण.

गोदा: सिस्टर, एक ऐक. त्या समोरच्या काकाचं मोज. सकाळी सलग बोलत व्हता, भाच्याचं कौतिक सांगताना एका दमात. आता एकेक सबुद तोडून बोलतोय. आन् मगास्नं तर गपच हाय. असा मानूस उगाच गप नाय बसायचा.

जागृती: बघते.

गोदा: बगू नको. मोज.

जागृती: मोजते, मावशी. जा तुम्ही.

येसाजी: गेली... का गाडी?

जागृती: गेली. हात द्या, काका.

येसाजी: मी ते... गमतीत म्हटलं... होतं, सिस्टर.

जागृती: माहीत आहे. हात.

येसाजी: काय... बघताय?

जागृती: नाडी.

येसाजी: एवढा वेळ... तर कधी... लागत नाय.

जागृती: बोलू नका. बसून राहा.

(भिंतीवरच्या घड्याळाचा बारीक काटा एक पुरा फेरा घेतो.)

येसाजी: झाली? किती... भरली?

जागृती: वीसच्या बरीच पुढे, काका. उशीला टेकून बसा, असं. मी डॉक्टरांना परत बोलावते.